चाळीस दिवस, ऐंशी दिवस

आपली आजी-पणजी अलिबाग, पेण, रोह्याकडच्या खेड्यांत नांदली. घरी तेलाचा घाणा. शब्बाथला तो बंद, म्हणून गाव आपल्याला शनिवार तेली म्हणे.

अशा घरात सून गरोदर राहिली की सातव्या महिन्यापासून तयारी लागे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, मऊ धोतरं फाडून दुपटी करायची, कोपऱ्याची खोली शेणाने सारवायची. ओवा, डिंक, सुकं खोबरं, शेगडीला कोळसा. मालिशचं तेल तेवढं घरचं. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता, म्हणून मलिद्याचे पोहे-नारळही आधीच बघून ठेवत.

मुलगा झाला तर बाळंतीण चाळीस दिवस वेगळी, मुलगी झाली तर ऐंशी. तोरातल्या वायिक्राच्या 12 व्या अध्यायात हा हिशेब आहे. मुलीचा विटाळ दुप्पट का, म्हणून मी नर्सिंग शिकताना आजीशी भांडले होते. ती म्हणाली, "अगं, विहिरीचं पाणी नाही, दळण नाही. तुझी आई झाली तेव्हाच काय ती मी पोटभर झोपले."

त्या धुराच्या खोलीची बाजू मी घेणार नाही. नाळेला शेणमाती लागून किती पोरं धनुर्वाताने गेली असतील! पण पुढे मुंबईत वॉर्डात असताना तिसऱ्या दिवशी घरी निघालेल्या प्रत्येकीला मी एक प्रश्न हटकून विचारी: "घरी पाणी कोण भरणार?"