भेटीला निघालेले शहर

कोकणातल्या माणसाने मुंबईला जावे, तिथल्या गिरणीत, गोदीत नाहीतर कचेरीत राबावे आणि गणपतीला गावी यावे, ही मराठी वाचकाच्या ओळखीची कथा. तीत शहर जागेवर असते, माणूस जातो-येतो. पेण-रोह्याचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास मात्र या कथेची दिशा उलटी करतो. इथे शहरच गावांच्या भेटीला निघाले आहे.

त्याची वाटचाल नावांवरून ओळखता येते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे ‘नवी मुंबई’ वसू लागली. ऐरोली, कोपरखैरणे ही आगरी-कोळ्यांची गावे. आज त्यांच्या नावाने माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आठवतात. २००५च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांवर रिलायन्स समूहाच्या ‘महामुंबई’ क्षेत्राची आखणी झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी याच तीन तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली. कागदावर हे कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर आहे. चिरनेर म्हणजे १९३०च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झेललेले गाव. पण लोकांच्या तोंडी बसले ते ‘तिसरी मुंबई’. नवी, महा, तिसरी: विशेषण बदलते, नाम तेच राहते. प्रदेशाला स्वतःचे नाव उरत नाही, शहराच्या मोजणीतला क्रमांक तेवढा मिळतो.

यात इतिहासाचा एक उपरोध आहे. चिंतामणराव देशमुखांचे घर रोह्याचे. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि १९५६ साली, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून, त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. मुंबई कोणाची, या प्रश्नासाठी कुलाब्याच्या प्रतिनिधीने सत्तेचे मोल मोजले. मग कुलाबा (१९८१पासून रायगड) कोणाचा, हा प्रश्न पुढे मुंबईच्या बाजूने कोणी विचारला का? रोह्याला धाटावची रासायनिक कारखानदारी आली. तिचा भार कुंडलिका नदीने वाहिला.

हा प्रश्न एकदाच रीतसर विचारला गेला, आणि तो पेणमध्ये. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले: ‘महामुंबई’साठी जमीन द्यायची की नाही? एन. डी. पाटील, उल्का महाजन आदींनी चालवलेल्या लढ्याचे ते फळ होते. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेला. पुढे कायद्याच्या मुदतीत निवाडे न झाल्याने भूसंपादनही बारगळले.

या मतदानाचा आधार एका सरकारी शब्दात होता, हे भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. ‘लाभक्षेत्र’ म्हणजे धरणाच्या पाण्याचा लाभ ज्या जमिनीला मिळायचा ते क्षेत्र. हेटवण्याचे पाणी नवी मुंबईच्या नळांपर्यंत पोहोचले. पेणच्या खारेपाटातील शेतकरी मात्र कालव्याची वाट पाहत राहिला. तरीही त्याने तो शब्द सोडला नाही. ज्या जमिनीला तुम्ही पाणी कबूल केले, ती ओलिताची आहे. ती उद्योगासाठी घेता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. सरकारने कागदावर दिलेले वचन त्याने सरकारसमोरच ठेवले. दप्तरातल्या निर्जीव संज्ञेला असा अर्थ क्वचितच मिळतो.

२०१३च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. सरकार स्वतःच्या वापरासाठी जमीन घेते तेव्हा ही अट नाही. म्हणूनच २००८चा तो दिवस केवळ एका आंदोलनाच्या विजयाचा दिवस मानून चालणार नाही. शहर वाढणार, त्याला जागा लागणार, हे पेणचा शेतकरीही जाणतो. त्याची मुले पनवेलच्या गाडीने रोज त्याच शहरात कामाला जातात. पाहुण्याने दाराशी थांबून विचारावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. २२ गावांना विचारले गेले होते, १२४ गावांना कोण विचारणार?