जागे काय ठेवायचे? : क्लॉक गेटिंगच्या अभ्यासाची प्रस्तावना

फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली गेली. जूनमध्ये तो अभयारण्यातून निघाला, विदर्भ-मराठवाड्याचे जिल्हे आणि तेलंगणाचा सीमाभाग तुडवत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ‘वॉकर’ या नावाने गाजलेल्या या वाघाची पायपीट तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. ती मोजता आली, कारण कॉलर ताशी एकदा त्याचा ठावठिकाणा नोंदवत होती. चालत्या वाघाच्या गळ्यातली बॅटरी कोणी चार्ज करून देत नाही. तिथे बॅटरीचे आयुष्य ठरते ते दोन नोंदींमधल्या वेळात काय काय जागे राहते यावर.

टिपेश्वरपासून जवळच, पैनगंगेच्या काठचा झरी जामणी हा तालुका. इथली शेती कापसाची आणि मोठ्या प्रमाणावर पावसावरची. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, की त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि नुकसानभरपाईच्या हिशेबात हा आकडा मोलाचा ठरतो. स्वयंचलित पर्जन्यमापकात सहसा दोन कप्प्यांचे छोटे पात्र असते. ठरावीक पाणी साचले की ते कलंडते, चुंबकी स्विच क्षणभर मिटतो आणि विजेचा एक ठोका प्रोसेसरकडे जातो. एका कलंडण्याला ०.२ मिलिमीटर धरले, तर ६५ मिलिमीटरला ३२५ ठोके होतात. यातले काही प्रोसेसर झोपेत असताना हुकले तर? आणि एकही हुकू नये म्हणून प्रोसेसर अखंड जागा ठेवला, तर श्रावणातल्या झडीत, सौर पॅनलला ऊन मिळत नसताना, बॅटरी किती दिवस तग धरेल? आपल्या विषयाचे सगळे मर्म या दोन प्रश्नांच्या ओढाताणीत आहे.

आता थोडे विज्ञान. सीमॉस चिपमध्ये वीज मुख्यतः खर्च होते ती अवस्था बदलताना. हा खर्च चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो : तारांची आणि गेटांची धारिता, व्होल्टेजचा वर्ग, क्लॉकची वारंवारिता आणि दर ठोक्याला प्रत्यक्षात किती भाग हलतो याचे प्रमाण. चिपमधला इतर कोणताही संकेत कधी हलतो, कधी स्वस्थ बसतो. क्लॉक मात्र प्रत्येक आवर्तनात एकदा वर जातो, एकदा खाली येतो, आणि त्याचे जाळे चिपभर पसरलेले असते. डेटा बदलला नाही तरी हजारो फ्लिप-फ्लॉपपर्यंत ठोका पोचतोच.

जुन्या जिनिंग कारखान्यात एकाच लांब शाफ्टवरून सगळ्या यंत्रांना पट्टे जात. एखाद्या यंत्राला काम नसले, की त्याचा पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवत. शाफ्ट फिरत राही, ते यंत्र तेवढे थांबे. क्लॉक गेटिंग म्हणजे हेच. ज्या भागाला काम नाही, त्याच्या वाटेवर एक गेट बसवून ठोका अडवायचा.

ऐकायला सोपे, करताना मात्र बारकावा आहे. नुसते अँड गेट बसवले आणि क्लॉक वर असताना परवानगीचा संकेत बदलला, तर ठोका अर्धवट कापला जातो. त्या तुकड्याला फ्लिप-फ्लॉप खरा ठोका समजतो आणि चुकीची माहिती टिपून बसतो. म्हणून गेटच्या आधी एक लॅच लावतात. क्लॉक खाली असतानाच तो परवानगी आत घेतो. क्लॉक वर असेपर्यंत त्याचे दार बंद. लॅच आणि गेट यांचा हा जोड आज चिप-रचनेत तयार घटक म्हणून मिळतो.

इतिहासात एक जोडी अभ्यासण्यासारखी आहे. डीईसी कंपनीचा अल्फा २१०६४ प्रोसेसर १९९२ साली आला. २०० मेगाहर्ट्झला तो सुमारे ३० वॅट खाई. त्याच कंपनीने १९९६ मध्ये आणलेला स्ट्राँगआर्म एसए-११० हा १६० मेगाहर्ट्झला अर्ध्या वॅटच्या आत भागवी. या फरकात कमी व्होल्टेज आणि साधी रचना यांचा वाटा मोठा होता. गरजेपुरताच ठोका पोचवण्याच्या शिस्तीचाही होता.

आपल्या विद्यार्थ्यांना त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे ८०५१. त्यातले पीकॉन रजिस्टर बहुतेकांना बॉड रेट दुप्पट करणाऱ्या बिटमुळे आठवते. सीमॉस ८०सी५१ मध्ये त्याच रजिस्टरच्या तळाशी दोन बिट आहेत. एकाने सीपीयूचा क्लॉक अडतो, पण टायमर, सिरियल पोर्ट आणि इंटरप्ट यांचा चालू राहतो. दुसऱ्याने ऑसिलेटरच थांबतो. आजच्या मायक्रोकंट्रोलरांमधल्या निद्रावस्था याच दोन बिटांचा विस्तार आहेत.

आता आकडे पाहा. एटीमेगा३२८पीची डेटाशीट १ मेगाहर्ट्झ आणि १.८ व्होल्टला जागेपणी ०.२ मिलिअँपिअर सांगते. घड्याळापुरता ३२ किलोहर्ट्झचा क्लॉक चालू ठेवलेल्या झोपेत ०.७५ मायक्रोअँपिअर, गाढ झोपेत ०.१. घड्याळ चालू ठेवून दर दहा मिनिटांना एक सेकंद जागे व्हायचे ठरवले, तर सरासरी प्रवाह १.१ मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो; अखंड जागेपणापेक्षा सुमारे १८० पट कमी. आणि त्यातला मोठा वाटा जागेपणाचा नाही, झोपेचा आहे! म्हणून झोप जितकी लांब, तितका तिचा स्वतःचा खर्च बारकाईने तपासावा लागतो.

क्लॉक गेटिंगच्या मर्यादाही सुरुवातीलाच समजून घ्याव्यात. ठोका अडवला तरी ट्रान्झिस्टरमधली गळती थांबत नाही. त्यासाठी वीजच तोडावी लागते, आणि मग रजिस्टरमधली माहिती जपण्याची वेगळी सोय करावी लागते. जागे व्हायलाही वेळ लागतो. ऑसिलेटर चालू असेल तर काही आवर्तनांत काम सुरू होते. तो थांबवलेला असेल, तर स्फटिक स्थिरावेपर्यंत १६,३८४ आवर्तने थांबण्याचीही तरतूद करतात. १६ मेगाहर्ट्झला म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पर्जन्यमापकाचा ठोका हुकणार नाही याची तजवीज रचनाकारानेच करायची असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : सॉफ्टवेअर. लूपमध्ये सतत ‘आला का, आला का’ विचारणारा प्रोग्राम चिपमधली सगळी गेटे निकामी करतो. इंटरप्टवर विसंबून झोपी जाणारा प्रोग्रामच त्यांचा उपयोग करून घेतो. तेव्हा वीज वाचवणे हे केवळ चिप बनवणाऱ्याचे काम, ही समजूत सोडून द्यावी. कोणत्या क्षणी कोणता भाग जागा हवा हा निर्णय शेवटी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असतो.

या विषयात शिरायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची ओळख, थोडी सी भाषा, एक मायक्रोकंट्रोलर आणि मायक्रोअँपिअर मोजणारा मल्टिमीटर एवढी शिदोरी पुरे. हाताशी असलेल्या चिपच्या डेटाशीटमधले पॉवर मॅनेजमेंटचे प्रकरण उघडा, एकेका भागाचा क्लॉक बंद करा आणि दर वेळी मीटरचा आकडा वहीत उतरवा. पुढचे वाचन ती वही शेजारी ठेवून करा.