मधली रोहिणी
१२. लेखकाला येथे ‘थायरॉइडिया इमा’ अभिप्रेत आहे. थायरॉइडला रक्त देणाऱ्या रोहिणींच्या दोन जोड्या बहुतेकांना असतात. ही एकटी, पाचवी रोहिणी शंभरात साधारण तीन ते दहाजणांतच सापडते. नॉयबाउअरने १७७२ मध्ये तिचे वर्णन केले. बहुधा महारोहिणीच्या कमानीच्या पहिल्या फांदीतून निघून ती श्वासनलिकेच्या पुढून वर चढते, म्हणजे घुसमटलेल्या रुग्णाच्या गळ्याला घाईने जिथे छेद द्यायचा नेमक्या त्या जागी. तुटली तर टोक उरोस्थीमागे आखडते, चिमट्यात येत नाही. अशा वेळी मालवणसारख्या गावाहून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, वाटेत घाट नसला तरी, फारच लांब. आता सोनोग्राफीत ती आधी दिसू शकते. लेखकाच्या काळी बोटाला ठोका लागला तर लागला. — संपा.