ब्लॅककॅप आणि लेंटिस्क: तुलना नेमकी कशाची?

दक्षिण स्पेनमध्ये हिवाळ्यात ब्लॅककॅप नावाचा छोटा गाणारा पक्षी उत्तरेकडच्या जंगलांतून खाली उतरतो आणि लेंटिस्क या झुडपाची फळं अख्खी गिळत बसतो. (लेंटिस्क म्हणजे पिस्त्याचा जवळचा नातेवाईक, कूळ आंब्याचं. काटेकोर बोलायचं तर त्याचं फळ बेरी नाही, आत बाठा असतो. पण पक्ष्याला त्याचं काय!) फळ चोचीत मावेल एवढंच, गरात भरपूर स्निग्धांश, आणि आत बी धरली असेल तर पिकल्यावर काळं. पोकळ फळं बहुतेक लालच राहतात. आता सांगा, हे दोघं एकमेकांसाठीच घडलेत असं वाटतं ना?

1964 साली एर्लिक आणि रेव्हन यांनी फुलपाखरं आणि वनस्पतींवर लेख लिहिला आणि 'सहउत्क्रांती' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. जिथे दोन जीव नीट जुळलेले दिसले, तिथे तो चिकटवला जाऊ लागला. 1980 मध्ये डॅनियल जॅन्झन यांनी जेमतेम दोन-तीन पानांत आक्षेप घेतला: आजची जुळणी हा पुरावा नव्हे. बदल दोन्हीकडे झाला आणि तो एकमेकांमुळेच झाला, हे दाखवा. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हा लेख आधी वाचा, गाइड हेच विचारतात.

मग तुलना कशाची करायची? कार्लोस हेरेरा यांनी ती काळाची केली. कोरड्या उन्हाळ्याचं भूमध्य हवामान साधारण 30 लाख वर्षांपूर्वीचं. फळं देणाऱ्या बऱ्याच झुडपांची कुळं त्याच्याही आधीची. म्हणजे आज आपण ज्याला इथलं अनुकूलन म्हणतो, त्यातलं बरंचसं ही झुडपं आधीच घेऊन आली होती. हेरेरांनी काझोर्ला डोंगरात 12 वर्षं फळं आणि पक्षी मोजलेसुद्धा. (पीएच.डी.च्या मुदतीत हे अर्थातच बसत नाही!) ज्या वर्षी फळं जास्त, त्या वर्षी ब्लॅककॅप जास्त, असा मेळ काही बसला नाही.

पेद्रो जोर्दानो यांनी 1981 मध्ये हेरेरांसोबत याच पक्ष्याच्या आहारावर लिहिलं होतं. 1995 मध्ये त्यांनी 900हून अधिक वनस्पती घेतल्या आणि आधी त्यांची वंशावळ हिशोबात धरली. तसं केल्यावर फळं खाणाऱ्या प्राण्यांशी बहुतेक गुणधर्मांचं नातं विरून गेलं. उरला तो फळाचा व्यास.