रेन्वारची झान सामारी

मोलिएरच्या ‘तार्त्यूफ’ नाटकात दोरिन नावाची एक मोलकरीण आहे. घरचा धनी एका ढोंगी साधूच्या नादी लागलेला. पोटची मुलगी बापापुढे ब्र काढीत नाही, पण ही दोरिन मात्र धन्याला तोंडावर सुनावते. १८७५ साली पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेझमध्ये हीच भूमिका घेऊन अठरा वर्षांची झान सामारी रंगभूमीवर आली. आजी आणि मावश्या त्याच रंगमंचावर गाजलेल्या. नाटक तिच्या आजोळातच होते. मोलिएरच्या मोलकरणी हा पुढे तिचा हातखंडा झाला, आणि तिचे खळखळून हसणे पॅरिसभर प्रसिद्ध झाले.

ओग्यूस्त रेन्वारने तिला १८७७ साली रंगविले. मागे नुसता गुलाबी रंग, अंगात निळसर हिरवा पोशाख, हनुवटी हातावर टेकलेली. चित्र जेमतेम दोन फुटांचे. पण ही पोरगी आता फिस्सकन हसणार, असे वाटत राहते.

पुढच्याच वर्षी त्याने तिचे पावणेसहा फूट उंचीचे दुसरे चित्र केले आणि १८७९ साली ते ‘सालों’ या मान्यवर प्रदर्शनात पाठविले. त्याचे सोबती आपले निराळे प्रदर्शन भरवीत होते; सालोंकडे जाणाऱ्याला तिथे थारा नव्हता. रेन्वार सालोंकडे गेला. त्याला दोष देणारे देवोत; शिंप्याच्या त्या पोराला चार घरची व्यक्तिचित्रे मिळवून पोट भरायचे होते. परंतु ह्या चित्रात लांब सोग्याचा झगा आहे, हातमोजे आहेत, कुंडीतले झाड आहे, आणि आमची दोरिन बड्या घरची यजमानीण झाली आहे! मी दोन्ही चित्रे छापील प्रतींतच पाहिली आहेत, तरी माझे मत धाकट्याच्या बाजूने पडते. थोरल्यात जीव आहे तो तिच्या किंचित पुढे झुकण्यात. जणू आता काही बोलेल.

१८८० साली तिने लग्न केले. १८९० साली विषमज्वराने ती गेली, तेव्हा ती अवघी तेहतीस वर्षांची होती. ते हसणे ऐकलेला एकही माणूस आज उरलेला नाही.

चित्रे मात्र मॉस्कोच्या मोरोझोव्ह या गिरणीवाल्या भावांकडे गेली. थोरले मिखाईलकडे, धाकटे इव्हानकडे. क्रांतीनंतर ती एकाच सरकारी संग्रहालयात आली. १९४८ साली स्टालिनने ते संग्रहालयच ‘बूर्झ्वा’ कलेचे म्हणून मोडले आणि वाटणी झाली: धाकटे मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात, थोरले लेनिनग्राडच्या हर्मिटाजमध्ये. लेनिनग्राडचे १९९१ साली पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. वाटणी तशीच आहे.