न लिहिलेला कंस

‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास; ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, ही परंपरेने चालत आलेली आख्यायिका. ती खरी असो वा नसो, लेखणीच्या एका फटकाऱ्याने माणसाचे प्राण जाऊ शकतात, ही जाणीव तिने पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवली. त्यानंतर १४३ वर्षांनी लंडनच्या न्यायालयात असाच प्रश्न उभा राहिला. तेथे वाद अक्षराचा नव्हता; एका वाक्यातील काही शब्द कंसात आहेत असे मानावे की नाही, याचा होता.

आरोपी होता सर रॉजर केसमेंट. ब्रिटिश वकिलातीच्या नोकरीत असताना काँगो व पेरू येथील रबराच्या व्यापारातील अमानुष अत्याचार त्याने उजेडात आणले होते, आणि १९११ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला होता. पुढे तो आयर्लंडच्या स्वातंत्र्यचळवळीत शिरला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत जाऊन तेथील आयरिश युद्धकैद्यांतून इंग्रजांविरुद्ध पथक उभारण्याचा त्याने प्रयत्न केला. २१ एप्रिल १९१६ रोजी जर्मन पाणबुडीतून तो आयर्लंडच्या केरी किनाऱ्यावर उतरला व त्याच दिवशी पकडला गेला. २६ जूनला राजद्रोहाचा खटला सुरू झाला.

कायदा होता तिसऱ्या एडवर्डच्या काळातील, १३५१ सालचा, नॉर्मन फ्रेंच भाषेत लिहिलेला. त्यातील शब्दक्रम तसाच ठेवला, तर वाक्य असे होते : राजाच्या शत्रूंना सामील असणारा त्याच्या राज्यात त्यांना साह्य व आधार देणारा त्याच्या राज्यात किंवा अन्यत्र. केसमेंटची कृत्ये जर्मनीत, म्हणजे राज्याबाहेर घडलेली. तेव्हा शेवटचे ‘किंवा अन्यत्र’ हे शब्द कशाशी जोडायचे, यावर सारे अवलंबून होते.

बचावाचे वकील सलिव्हन यांचे म्हणणे असे, की ‘अन्यत्र’ हा शब्द केवळ साह्याला लागतो. सामील होणारा माणूस मात्र राज्यातच असला पाहिजे. सरकारपक्षाच्या अर्थाने वाचायचे, तर मधले शब्द जणू कंसात घालावे लागत : सामील असणारा त्याच्या राज्यात (त्यांना साह्य व आधार देणारा त्याच्या राज्यात) किंवा अन्यत्र. कंस पडला, की ‘अन्यत्र’ हा शब्द त्यावरून उडी मारून थेट ‘सामील असणारा’ याला जाऊन मिळतो, आणि जर्मनीतील कृत्यही राजद्रोह ठरते.

मूळ लेखात कंस असणे शक्यच नव्हते. ते चिन्ह इटलीतील विद्वानांच्या हस्तलिखितांत चौदाव्या शतकाच्या अगदी अखेरीस दिसू लागले. पुढे इरॅस्मसने गोल कंसांना चिमुकल्या चंद्रकोरींचे नाव दिले. तथापि चिन्ह नसले तरी प्रश्न होताच. अपिलाच्या वेळी न्यायमूर्ती डार्लिंग व न्यायमूर्ती अ‍ॅटकिन यांनी स्वतः जाऊन मूळ लेखाच्या गुंडाळ्या तपासल्या आणि त्यांतील खंडदर्शक रेषा पाहिल्या. अखेर जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा आधार घेऊन, राज्यात वा राज्याबाहेर शत्रूला सामील होणे हा राजद्रोहच, असा निर्णय झाला. १८ जुलैला अपील फेटाळले गेले व ३ ऑगस्ट १९१६ रोजी पेंटनव्हिलच्या तुरुंगात केसमेंटला फाशी देण्यात आली. स्वल्पविरामावर फाशी गेलेला माणूस, अशी त्याची ख्याती झाली.

इंग्रजी लिहिताना विद्यार्थी कंसाचे जे नियम घोकतो, त्यांचे मर्म या खटल्यात आहे. कंसातील मजकूर हा वाक्याच्या घरी आलेला पाहुणा. तो उठून गेला, तरी घर उभे राहिले पाहिजे. म्हणून कंस झाकून उरलेले वाक्य वाचावे. ते व्याकरणाने पुरे असावे, आणि क्रियापदाचे वचन कंसाबाहेरच्या कर्त्याप्रमाणे असावे. उघडणाऱ्या कंसापूर्वी स्वल्पविराम सहसा येत नाही. बाहेरच्या वाक्याला तो हवा असेल, तर कंस मिटल्यावर द्यावा. कंस वाक्याच्या शेवटी आला, तर पूर्णविराम कंसाबाहेर. पण संपूर्ण स्वतंत्र वाक्यच कंसात असेल, तर त्याचा पूर्णविराम कंसाच्या आत. जे चिन्ह ज्या वाक्याचे, ते त्याच्याच हद्दीत राहावे, इतकाच याचा अर्थ.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील दरबारांतून मराठी कारभाराचे कागद मोडीत लिहिले जात, तेव्हा शब्दाशब्दांतही अंतर नसे. कोठे थांबायचे हे वाचणाराच ठरवी. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांची परिभाषा मराठीत मांडली व छापील मराठीला ती खुणांची सोय लाभली. लिहिणाऱ्याने थांबण्याची जागा स्वतः दाखवली नाही, तर ती दुसरा कोणी ठरवतो. केसमेंटच्या बाबतीत ती ठरली साडेपाचशेहून अधिक वर्षांनी, आणि त्या वेळी कायदा लिहिणारा अर्थ सांगायला हयात नव्हता.