आईच्या ट्रंकेतले गोठ

एप्रिलमधली गोष्ट. पुतणी पुण्याहून चार दिवस घरी आली होती. उन्हाचा तडाखा असा की दुपारी कोल्हापुरात रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. पण ही संध्याकाळी तयार होऊन बिंदू चौकात गेली आणि मैत्रिणीकडून फोटो काढून घेतला. अंगात जुन्या इरकली लुगड्यातून शिवलेला सैलसर कुर्ता, पायात कोल्हापुरी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला राणीछाप रुपया आणि दोन्ही हातांत जाडजूड, काळपट गोठ. फोटोखाली शंभरेक लोकांनी लिहिलं. बहुतेकांचं म्हणणं एकच, किती सहज दिसतंय, काही केल्यासारखंच वाटत नाही.

खरंच छान दिसत होती पोरगी. मीसुद्धा कौतुकानं फोटो आईला दाखवायला नेला. आई आता शहाऐंशीची आहे. तिनं चष्मा लावला, फोटो बघितला आणि एवढंच म्हणाली, "तिला सांग, हातातलं काढ म्हणावं."

ते गोठ आईच्याच ट्रंकेतले होते. पुतणीनं विचारून घेतले होते, पण ते घालून ती चौकात जाईल असं आईला वाटलं नव्हतं.

आई असं का म्हणाली, ते सांगायला ही पोस्ट. थोडी लांबेल. पायापासून सुरुवात करतो.

कोल्हापुरी आता सगळ्यांना ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं तसल्याच चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, आपल्याकडं गदारोळ झाला आणि मग कंपनीनं महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून ही प्रेरणा इथल्या हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात चप्पल लाईनला जो तो अभिमानानं बोलत होता. २०१९ साली या चपलेला जीआय मिळालाय, तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे "आमची कोल्हापुरी" म्हणताना अथणीच्या कारागिरालाही त्यात धरावं लागतं.

पण गदारोळात एक गोष्ट कुणी फारशी बोललं नाही. कातडं कमावायचं म्हणजे काय? चुन्यात टाकून केस काढायचे, मग कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं, ते झिरपलं की परत भरायचं. दिवसचे दिवस हे काम. ते ढोरांनी करायचं, चप्पल चांभारांनी शिवायची, वेणी आणि पट्ट्या घरातल्या बायकांनी विणायच्या. शिवण खिळ्याची नाही, चामड्याच्याच वादीची. ज्या हातांनी ही चप्पल केली, त्या हातांना त्याच गावात पाणवठ्यावर पोहरा टाकायची मुभा नव्हती. आणि ती चप्पल पायात घालून पाटलाच्या दारावरून जायचीही नव्हती, हातात घेऊन जायची. पायात शोभणारी वस्तू, पण पाय कुणाचा यावर सगळं ठरायचं.

आता अंगातलं कापड. इरकली लुगडं म्हणजे अंग सुती, पदर रेशमी, दोन्ही मागावरच फासे अडकवून जोडलेले. उन्हाळ्यात यापेक्षा सुखाचं कापड नाही. जितकं जुनं, जितकं धुतलेलं, तितकं मऊ. म्हणूनच कष्टकरी घरात लुगडं फाटलं तरी टाकायचं नाहीत. आधी दांड घालायचे, मग त्याची परकर-झबली व्हायची, शेवटी वाकळेत जायचं. आमच्या लहानपणी गल्लीत भांडीवाली यायची, पुण्या-मुंबईकडं तिला बोहारीण म्हणतात. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी. चार लुगडी आणि दोन पँटी दिल्या की एक पातेलं. आयाबाया तासभर घासाघीस करायच्या. तिनं नेलेलं कापड धुऊन, टाचून बाजारात यायचं आणि ज्याला नवं परवडत नाही तो ते घ्यायचा. राहिलेल्या चिंध्या गॅरेजला पुसायला.

म्हणजे आज ज्याला "व्हिंटेज" म्हणून दुकानात वेगळा रॅक लावतात, तो धंदा या बायकांनी डोक्यावर वाहिलाय. त्यांना मात्र आपण कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. भांडं देऊन गेली की आधी ते घासून घ्यायचे.

श्रीमंत घरांतली वस्त्रंही टिकली असं नाही. खऱ्या चांदीच्या जरीचे शालू जुने झाले की जर घेणाऱ्याला विकायचे. तो ते जाळून राखेतून चांदी काढायचा. कित्येक सुंदर पदर असे धूर होऊन गेले. आज पोरी दुकानोदुकानी जुना पदर शोधत फिरतात, तो सापडत नाही त्याचं हे एक कारण.

गळ्यातला रुपया पुतणीनं पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला होता. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरियाचा. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० साली सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. लोक काही खुळे नव्हते. जुने रुपये त्यांनी गाठीला ठेवले, कडी लावून गळ्यात घातले. लमाण बायकांच्या अंगावर अजून अशी नाणी दिसतात. ती नुसती हौस नव्हती. दुष्काळ पडला, बैल मेला, की गळ्यातलं एक नाणं कमी व्हायचं.

पुतळ्यांची माळ तर याहून जुनी. पुतळी हे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. तांबड्या समुद्राच्या व्यापारातून आपल्याकडं आलं. त्यावर तिथला राज्यप्रमुख एका संतापुढं गुडघे टेकून बसलेला. आपल्या लोकांना तो संत कोण ते काय माहीत? माणसांची चित्रं दिसली, म्हणून पुतळी. पुढं आपल्या सोनारांनी तशाच चकत्या ठोकायला सुरुवात केली. आज गुजरीत पुतळ्यांची माळ "अस्सल मराठमोळी" म्हणून मिळते, आणि ती आहेच. चारशे-पाचशे मैल चालत आलेली गोष्ट आपली होते, ही तर समुद्र ओलांडून आलेली.

आता हातातले गोठ.

ते चांदीचे नाहीत, कथलाचे आहेत. माझ्या आजीचे, म्हणजे आईच्या आईचे. आजीचं गाव हातकणंगले तालुक्यात. याच तालुक्यात हुपरी आहे, जिथं घराघरांत चांदीची पैंजणं घडतात. आणि याच तालुक्यात माणगाव आहे, जिथं मार्च १९२० मध्ये परिषद झाली आणि शाहू महाराजांनी भरसभेत सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. तो पुढारी म्हणजे तरुण आंबेडकर.

आमच्या वस्तीतल्या बायकांनी काय घालायचं आणि कसं घालायचं हे गावानं ठरवलेलं होतं. लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसायचं. सोनं घालायचं नाही. हातात कथलाचे गोठ, गळ्यात मण्यांच्या माळा. लांबून बघितलं तरी कळलं पाहिजे की कुठली बाई येतेय.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नेसायची ही पद्धत आणि हे दागिने म्हणजे तुमच्या अस्पृश्यपणाची खूण आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. पायघोळ नेसा, अंगावरचे ते ढीग उतरवा, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. बायकांनी ऐकलं. हे एका रात्रीत सगळीकडं झालं नाही. वस्तीवस्तीत पोचायला वर्षं गेली, काही ठिकाणी पायघोळ नेसल्याबद्दल बोलणी आणि मारही खावा लागला. पण झालं.

आमच्या आजीनं गोठ उतरवले तेव्हा आई पाच-सहा वर्षांची होती. चांदीचा एक जोड होता, तो मोडून मामाच्या हायस्कूलची फी भरली. कथलाला कोण विचारतंय, म्हणून ते राहिले. आजीनं ते टाकले नाहीत आणि परत घातलेही नाहीत. आईला सासरी येताना ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले. मी आयुष्यात आईच्या हातात ते बघितले नाहीत.

आणि पुतणी ते घालून नेमकी बिंदू चौकात उभी. मागं बाबासाहेबांचा पुतळा, जो ते हयात असताना, १९५० साली उभारला गेला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. दोष तिचा नाही. आम्ही सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री तिला आईजवळ बसवलं. आईनं सगळं सांगितलं. मग गोठ हातात घेऊन म्हणाली, "उन्हात लई तापायचे गं हे. आई भांगलायला गेली की खाली ओला फडका गुंडाळायची. मनगटावर काळे वळ होते तिच्या, मरेपर्यंत."

पुतणी गप्प झाली. म्हणाली, "आज्जी, फोटो काढून टाकू का?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राहू दे. पण हे कुणाचे होते ते लिही खाली."

तिनं लिहिलं. आजीचं नाव, गाव आणि ते का उतरवले ते. आधीपेक्षा कमी लोकांनी ते वाचलं असेल, पण दोन मुलींनी आपापल्या घरच्या गोष्टी कळवल्या. गोठ परत ट्रंकेत गेले. पुतणीनंच ठेवले.

मित्रांनो, जुनं घालू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट घाला. उन्हाळ्यात आज्जीच्या लुगड्याइतकं चांगलं कापड तुम्हाला कुठल्या मॉलमध्ये मिळणार नाही, आणि नवीन कापडाचे ढीग करण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. फक्त तीन गोष्टी करा.

चप्पल घेताना ती कुणी शिवली ते विचारा. हातशिवणीची आणि मशीनची चप्पल शेजारी ठेवून बघा, आणि हातशिवणीच्या जोडावर शंभर रुपयांसाठी अर्धा तास वाद घालू नका. हुपरीच्या पैंजणाचंही तेच. मजुरी वजनावर ठरते, एक-एक कडी जोडणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं वजन त्यात धरत नाहीत.

भांडीवाली आणि जुने कपडे विकणाऱ्यांना रस्त्यावरून हुसकावताना बघितलं तर दोन शब्द बोला. २०१४ सालापासून पथविक्रेत्यांसाठी कायदा आहे. सर्वेक्षण करून त्यांना जागा द्यायची जबाबदारी शहराची आहे. तुमचा "व्हिंटेज" त्यांच्याच पाटीतून येतो.

आणि तिसरं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ट्रंक उघडायच्या आधी विचारा. हे कुणी घालायचं, हौसेनं घालायचं की घालावं लागायचं, आणि कधी सोडलं.

आमची आई आहे म्हणून आम्हाला कळलं. तुमच्या घरी सांगणारं कुणी असेल तर या सुट्टीत बसा त्यांच्यापाशी. आणि काही कळलं तर इथं लिहा, मी वाट बघतोय.